हरवलेली बकरी आणि गप्प मुलगा



गेल्या महिन्यात मेहकर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गोष्ट सांगायला बसले की दोन मिनिटांत उठून पळतो. मोबाईल हातात दिला तर तासभर हलत नाही. त्यात गाणे-बजावणे असते म्हणून बसतो, असे सासूबाई म्हणतात. आमच्या घरी वाद्ये चालत नाहीत. मग गोष्टीत मुलाला बसवायचे तरी कसे?"

पत्र वाचून आम्ही दोघी जावा एकमेकींकडे पाहतच राहिलो. आमच्यातली एक घाटाखालच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे, दुसरी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गावर आहे. हा प्रश्न आमच्यापुढे रोजच असतो, फक्त एका मुलाऐवजी पंचवीस मुले घेऊन. आम्हाला जे उत्तर सापडले ते सांगतो. पण ते सापडता सापडता आमच्या हातून एक मोठी चूक झाली. तीही आज सांगून टाकणार आहोत, कारण तशीच चूक आपल्याही घरात होत असू शकते.

गोष्टीतही गोंगाटाला जागा हवी

आधी आमचाही समज असा होता की गोष्ट म्हणजे बाईंनी बोलायचे आणि मुलांनी हाताची घडी घालून ऐकायचे. तीन-चार वर्षांच्या मुलाला हे जमत नाही. त्याचे हात, पाय, तोंड सगळे एकाच वेळी काम मागत असते. आपण त्याला काम दिले नाही तर ते तो स्वतःच शोधतो, म्हणजे शेजारच्याचे केस ओढतो.

गुजरातचे थोर शिक्षक गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. त्यातला नवा शिक्षक मोठ्या उत्साहाने वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करून घ्यायला निघतो. मुले कसली ऐकतात! हसणे, टाळ्या, आरडाओरडा. खेळ पार फसतो. दुसऱ्या दिवशी तो काहीच न शिकवता गोष्ट सुरू करतो, आणि तोच वर्ग कान टवकारून बसतो. गिजुभाईंनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर काम करून पुढे महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ आपल्या अमरावतीत राहत होत्या. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. तिथे त्यांच्या लक्षात आले की गरिबांची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. आजच्या 'अंगणवाडी' या शब्दामागे तो प्रयोग आहे. महागडी साधने त्यांच्याकडे नव्हतीच. शंख-शिंपले, बिया, पाने, दगड आणि मुलांच्या तोंडची गाणी यांवर त्यांनी काम उभे केले.

हे वाचल्यावर आम्हालाही धीर आला. आमच्या अंगणवाडीतही पेटी नाही, तबला नाही. पण ताट आहे, वाटी आहे, वर्तमानपत्राचा कागद आहे, आणि पंचवीस मुलांचे पन्नास हात आहेत.

आमच्या बकरीची गोष्ट

एक साधी गोष्ट आम्हीच रचली. ती आपणही घरी सांगू शकता.

एका दादीची पांढरी बकरी होती. तिच्या गळ्यात घुंगरू होते. (इथे आम्ही खरोखरचे घुंगरू वाजवून दाखवतो. ते नसेल तर स्टीलच्या पेल्यावर चमचा हळूच वाजवावा.) एके दिवशी बकरी चरता चरता तुरीच्या शेतात शिरली. वारा सुटला. (मुले वर्तमानपत्राचा कागद हलवतात. सळसळ, सळसळ. कागद नसेल तर दोन्ही तळवे एकमेकांवर घासले तरी वारा येतो.) मग आभाळ भरून आले.

आता पाऊस. हा सगळ्यांचा आवडता भाग. आधी एकाच बोटाने दुसऱ्या तळहातावर टपटप. मग दोन बोटे, मग तीन, मग चार. मग दोन्ही हातांनी मांड्यांवर धबाधबा. पाऊस ओसरताना हेच उलट्या क्रमाने, शेवटी पुन्हा एकच बोट. पंचवीस मुलांनी हे एकत्र केले तर डोळे मिटून बसणाऱ्याला खरेच वाटावे की पत्र्यावर पाऊस सुरू झाला आहे.

दादी बकरीला शोधायला निघते. चिखलातून चालते. (जिभेने पचक, पचक.) रस्त्यात बैलबंडी लागते. (करवंट्या एकमेकींवर.) रेल्वेचे फाटक लागते. मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाववरून जातो. या पट्ट्यातल्या मुलांना गाडीचा आवाज शिकवावा लागत नाही. पाय जमिनीवर आधी सावकाश, मग भराभर, आणि दूर जाताना पुन्हा हळू.

गाडी निघून जाते. आता दादी थांबते. बकरी डोळ्यांना कुठेच दिसत नाही. दादी म्हणते, "थांबा रे बाळांनो, सगळे चूप. डोळे मिटा. आता बकरी कानांनी शोधायची."

ज्या शांततेसाठी आम्ही वर्षानुवर्षे "गप्प बसा" म्हणून घसा कोरडा केला, ती शांतता इथे आपोआप उतरते. त्यांना कोणी गप्प केलेले नसते. ती बकरी शोधत असतात. आमच्यातली एक जण पावले न वाजवता मुलांच्या मागे कुठेतरी जाऊन उभी राहते आणि घुंगरू अगदी हलके हलवते. मुले डोळे मिटूनच आवाजाच्या दिशेला बोट करतात. बकरी सापडते. मग सगळ्यांनी "में में" करून ओरडायचे, पोटभर.

शब्दाआधी आवाज

आमच्या अंगणवाडीत कुणाच्या घरी उर्दू बोलतात, कुणाच्या घरी वऱ्हाडी, कुणाच्या घरी गोरमाटी. एकाच्या घरी 'बारिश' येते, दुसऱ्याच्या घरी 'पानी' येतो, पुस्तकात 'पाऊस' पडतो. तीन वर्षांच्या लेकराने यातले काय धरावे? पण तळहातावर टपटप करताना ही सगळी मुले एकाच पावसात भिजतात. टपटप हातात आली की तिच्या पाठोपाठ 'पाऊस' हा शब्दही तोंडात येतो, आणि तो आपला वाटतो. उर्दू घरातली जी मुलगी महिनाभर एक शब्द बोलली नव्हती, तिने पहिला मराठी शब्द उच्चारला तो 'सळसळ'.

पुढे वाचायला शिकतानाही हे कामाला येते. नावांवर टाळ्या वाजवून पाहा. 'दादी' म्हणजे दोन टाळ्या, 'फातिमा' म्हणजे तीन, 'आजोबा' म्हणजे तीन. शब्दाचे असे तुकडे कानाने पाडता येणे ही वाचनाची पहिली पायरी आहे. 1983 मध्ये इंग्लंडच्या ब्रॅडली आणि ब्रायंट या अभ्यासकांनी दाखवून दिले की ज्या लहान मुलांना शब्दांतले सारखे ध्वनी ओळखण्याचा सराव दिला, त्यांना पुढे वाचन-लेखनात त्याचा फायदा झाला. आपल्या मकतबमध्ये मुले झुलत झुलत, सुरात सबक म्हणतात आणि तो त्यांच्या लक्षात राहतो. कानाची ही ताकद आपल्या घरांना नवी नाही.

आमची चूक

आता त्या मुलाबद्दल. तो साडेचार वर्षांचा होता. नाव सांगत नाही. घरी उर्दू बोलतात. वर्गात तो बोलत नसे. नाव विचारले तर हसायचा. आम्ही ठरवून टाकले की याला मराठी समजत नाही, हळूहळू समजेल. कधी कधी हाक मारली तरी वळायचा नाही, तेव्हा 'हट्टी आहे' असेही म्हणून मोकळ्या झालो.

गंमत म्हणजे बकरीच्या गोष्टीत हा मुलगा सगळ्यांत पुढे असायचा. पाऊस, गाडी, बंडी, सगळे हातवारे अचूक. आम्ही खूश होतो. फक्त त्याचा हात बाकीच्यांपेक्षा किंचित उशिरा पडायचा. आमच्या ते डोळ्यांना दिसत होते, पण मनात नोंदले जात नव्हते.

एका शनिवारी गोष्टीत शांतता झाली, मुलांनी डोळे मिटले, आणि घुंगरू नेमके त्याच्या पाठीमागे दोन हातांवर वाजले. चोवीस बोटे त्याच्या दिशेने वळली. तो तसाच बसून होता, डोळे घट्ट मिटून, शहाण्यासारखा. पुन्हा वाजवले. काही नाही. मग त्याने हळूच एक डोळा उघडला, शेजारच्या मुलीचे बोट कुठे आहे ते पाहिले, आणि आपलेही बोट तिकडे केले.

तेव्हा आमच्या काळजात चर्र झाले. तो इतके महिने ऐकत नव्हता, पाहत होता. पाऊस त्याने दुसऱ्यांच्या बोटांवर पाहिला होता. म्हणूनच हात उशिरा पडत होता. भाषेचा अडसर नव्हताच. आम्ही उर्दूत बोलून पाहिले असते तर हे त्याच दिवशी कळले असते. पण 'उर्दू घरातले मूल, म्हणून गप्प' हे कारण आम्हाला इतके सोयीचे वाटले की दुसरे शोधलेच नाही. आणि आम्ही तर त्याच समाजातल्या! परक्या बाईंनी असे मानले असते तर आम्हीच रागावलो असतो.

त्याच्या अम्मीला बोलावले. ती घाबरली. म्हणाली, "बाजी, हम तो समझे बच्चा सीधा है." मग आठवून आठवून सांगू लागली. पावसाळ्यात त्याला सतत सर्दी होते. टीव्हीला चिकटून बसतो. पाठमोरा असला की हाक ऐकत नाही, मग दादी रागावते. अब्बूंनी एकदा दुर्लक्ष करतो म्हणून चापटही मारली होती. हे सांगताना ती रडली. आम्ही तिला काय म्हणणार? आम्ही तरी काय वेगळे केले होते?

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की वारंवारच्या सर्दीने दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचले आहे. लहान मुलांत हे बरेच आढळते. कान दुखतही नाही, वाहतही नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. मुलाला सगळे ऐकू येते, पण पाण्याखाली डोके घातल्यासारखे, दबलेले. पुष्कळ मुलांत ते काही आठवड्यांत आपोआप ओसरते. तीन महिन्यांनंतरही राहिले तर पुढचा इलाज करावा लागतो. त्याला नियमित तपासायला नेले. आम्ही त्याला पुढे बसवले, त्याच्यासमोर तोंड करून बोलू लागलो. अल्हम्दुलिल्लाह, त्याचे तिसऱ्या महिन्यात पुष्कळ कमी झाले होते.

नंतर वाचनात आले की मारिया मॉन्टेसरी यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच जाणूनबुजून केले होते. मुले शांत बसली की त्या दुरून, अगदी कुजबुजल्यासारखे एकेकाचे नाव घेत आणि मुले उठून त्यांच्याकडे येत. पुढे तो शांततेचा खेळ म्हणून जगभर गेला, पण त्याच्या मुळाशी मुलांचे कान तपासण्याचा विचार होता. आम्हाला मात्र ते केवळ योगायोगाने कळले.

वाद्यांचा प्रश्न

आता पत्रातल्या भगिनीच्या दुसऱ्या शंकेकडे. वाद्यांविषयी आपल्या उलमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. त्यावर निकाल देणे हे आमचे काम नाही. ज्या घरात जी शिस्त आहे ती त्या घराने आपल्या आलिमांना विचारून पाळावी. आम्ही फक्त एवढेच म्हणतो की वाद्य नको म्हणजे आवाजही नको, असे कोणी समजू नये. सहीह बुखारीत हजरत आयेशा (र.) यांची हदीस आहे. ईदच्या दिवशी अन्सारच्या दोन मुली गात होत्या. हजरत अबू बक्र (र.) त्यांना रागावले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना राहू द्या असे सांगितले. मुलांच्या आनंदाला आपल्या दीनमध्ये जागा आहे. आमच्या बकरीच्या गोष्टीत घुंगराऐवजी पेला-चमचा घेतला तर सारे काही तळहात, जीभ आणि स्वयंपाकघरातली भांडी यांवरच भागते. आपल्या दाद्या-नान्यांनी तरी जात्याच्या घरघरीवरच ओव्या म्हटल्या, लोऱ्या गायल्या.

एक अदब मात्र आम्ही पाळतो. कुरआनची तिलावत किंवा अजान हा गोष्टीतल्या खेळाचा आवाज म्हणून वापरत नाही. गोष्ट चालू असताना अजान झाली तर थांबतो, मुलांनाही ऐकायला सांगतो, मग पुढे जातो. थांबून ऐकण्याची सवय मुलांना अशीही लागते.

घरी कराल ते

गोष्ट छोटी घ्या, चार-पाच आवाजांची. रोज नवी गोष्ट नको. एकच गोष्ट आठ-दहा दिवस सांगा. मुलाला पुढचे माहीत असते म्हणूनच तो "आता पाऊस!" असे आधी ओरडतो, आणि तोच त्याचा आनंद असतो. आवाज आधी मुलाला काढू द्या. त्याचा वाघ मांजरासारखा ओरडला तरी चालेल. बाटलीत ज्वारी किंवा तूर भरून खुळखुळा करणार असाल तर झाकण चिकटपट्टीने घट्ट बंद करा, कारण दाणे लहान मुलाच्या घशात किंवा नाकात जाऊ शकतात. वाळलेल्या तुरीच्या शेंगाही छान खुळखुळतात, पण त्या मोठ्यांच्या हातात ठेवा.

आणि मोबाईल? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे की 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला 1 तासाहून जास्त वेळ पडद्यासमोर बसवू नये, कमी असेल तितके चांगले. शिवाय मोबाईलमधली बकरी मुलाची वाट पाहत नाही. मूल ऐकते की नाही हे तिला कळत नाही. अम्मीला कळते.

म्हणून आठवड्यातून एकदा, डोळे मिटण्याचा खेळ घरी खेळा. मुलाच्या मागे उभे राहून पेल्यावर हलकेच चमचा वाजवा, किंवा त्याचे नाव कुजबुजा. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. एखाद्या वेळी चुकले तर घाबरू नका. मूल रमलेले असते, दमलेले असते. पण पुन्हा पुन्हा तसेच होत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, "काय? काय?" करत असेल, तोंडाकडे पाहूनच समजून घेत असेल, बोलणे वयाच्या मानाने मागे असेल, कान वाहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. घरचा खेळ म्हणजे तपासणी नव्हे, तो फक्त इशारा आहे. कानात कोमट तेल, काडी, केसांची पिन काही घालू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासायला येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पथकाला तुमची शंका तोंडाने सांगा. गरज असेल तर ते पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवतात.

शाळेत शिकवणाऱ्या बंधू-भगिनींनाही आमची विनंती आहे. वर्गात एखादे मूल गप्प असेल तर त्याच्या गप्पपणाला घाईने नाव देऊ नका. हट्टी, मठ्ठ, लाजाळू, 'त्यांच्या घरी आपली भाषा नाही', यांतले कोणतेही नाव देण्याआधी त्याच्या पाठीमागे जाऊन एकदा हलकेच घुंगरू वाजवून पाहा.

आमच्या त्या मुलाचे सांगायचे राहिले. तो अजून फार बोलत नाही. बोलतो ते निम्मे उर्दू, निम्मे मराठी, आणि कधी कधी दोन्हीही नाही. पण बकरीच्या गोष्टीत घुंगरू आता त्याच्या हातात असते. तो मुलांच्या मागून चोरपावलांनी फिरतो, एखाद्या कोपऱ्यात थांबतो, आणि ते इतके हलके वाजवतो की आम्हालाही कान द्यावे लागतात.

आपल्या घरातल्या, गावातल्या गोष्टी आणि त्यांतले आवाज आम्हाला जरूर लिहून कळवा. इन्शा अल्लाह, पुढच्या महिन्यात भेटू.